रकाना क्रमांक चौदा

फेब्रुवारीपासून प्रत्येक फायलीत
एक रकाना वाढला आहे.
तेरापर्यंत जुनेच: खर्च, मंजुरी, संदर्भ, शेरा.
चौदावा नवा, नव्या कायद्याचा:
'सदर निर्णयाचा ग्रामीण जनतेवर होणारा परिणाम
विचारात घेतला आहे काय?'
खाली दोन चौकोन. होय. नाही.
आणि कारणांसाठी दीड ओळ.

त्या दीड ओळीत मी आजवर
'निरंक' लिहीत आले.
बोटांना सोपा शब्द,
वर टिंब ठेवलं की काम झाल्यासारखं वाटतं.
अवर सचिव सही करतात,
फाईल चौथ्या मजल्यावर जाते.
तिथून मांडवी दिसते, कॅसिनोंची रोषणाई दिसते,
पलीकडचा काठ दिसत नाही;
त्या बाजूची काच पुसायचं कंत्राट अजून निघालेलं नाही.

बुधवारी नदी परिवहनची फाईल आली.
मानशीवाड्याची शेवटची फेरीबोट
रात्री दहाऐवजी साडेआठला.
सरासरी प्रवासी: अकरा.
डिझेलची बचत: तक्ता जोडला आहे.

अकरा.
मी बोटांवर मोजायला लागले.
एर्मेलिंडा, जिची पाळी बांबोळीला नऊला सुटते
आणि जी धक्क्यावर पोहोचेपर्यंत
हातांचा डेटॉलचा वास जात नाही.
शिकवणीहून येणारी नायकांची दोन मुलं,
धाकटा उभ्या उभ्या झोपतो.
हॉटेलात भांडी घासणारा ओडिशाचा पोरगा,
त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही,
पण तो धावत येताना दिसला
की साखळी ओढायची थांबते.
शाबी गावडे, पाटीत उरलेली अळूची जुडी
घरच्याच आमटीला.
पास्कोल, जो मानशीच्या फळ्या सांभाळतो.
त्याला सरकारी घड्याळ लागत नाही,
भरती रोज पाऊण तास उशिरा येते
आणि कुठल्याच परिपत्रकात बसत नाही.
एक फळी उशिरा पडली की
खारं पाणी खाजनात शिरतं.
कोरगुट सोसतो खारं,
पण त्यानेही सोसायचं ते किती?

सहा झाले.
सातवी मी.
हे फायलीत लिहायचं नसतं.

कायदा काढून पुन्हा वाचला.
कलम तीन, पोटकलम दोन:
विचार करावा.
मान्य करावे, असं नाही.
ऐकावे, असंही नाही.
विचार करावा.
मराठीत त्याच्या अगदी शेजारी
एक साधं क्रियापद राहतं:
विचारावे.
मसुदा लिहिणाऱ्याला ते दिसलं नसेल,
किंवा दिसलं असेल.

त्या रात्री बोटीत वही उघडली.
एर्मेलिंडा म्हणाली, साडेआठ? मग मी कुठे झोपू,
वॉर्डातल्या बाकावर?
शाबी म्हणाली, अळू तरी विकलं जाऊ दे.
ओडिशाच्या पोराने आधी वहीकडे पाहिलं,
मग नाव सांगितलं. बिरंची.
स्पेलिंग विचारलं तर लाजला.
पास्कोल खाली पाण्याकडे बघत होता.
"मला विचारलंस ते लिहू नको," तो म्हणाला.
"विचारलं म्हणजे झालं, असं म्हणतील.
खाली माझा अंगठा असेल
आणि वर बोट बंद."

वही मिटली.
इंजिनाच्या धडधडीत
बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी चौदाव्या रकान्यात
मी 'नाही'वर खूण केली.
विचारात घेतला आहे काय? नाही.
दीड ओळ कोरीच ठेवली.
अठरा वर्षांच्या नोकरीत
खरं लिहायला इतकी कमी शाई लागेल
असं वाटलं नव्हतं.

चार वाजता फाईल परत आली,
पिवळी चिठ्ठी लावून:
'चौकोन चुकला आहे. दुरुस्त करून पाठवावे.'

पाठवीन.
सध्या ती डाव्या हाताच्या ट्रेमध्ये आहे,
जन्मतारखांच्या दुरुस्त्यांखाली.
तोवर जुनी वेळ लागू.

काल बोट दहाला सुटली.
बिरंचीबरोबर त्याच्या गावचा आणखी एकजण होता,
दोघेही रॅम्पवर उडी मारून चढले.
आम्ही बाराजण होतो.
सरासरी बिघडणार.